काचेच्या समुद्रात कोणी कोणासोबत राहावे

क्षीरसागरात शेषशय्येवर विसावलेला, आणि तरीही आचमनाच्या थेंबभर पाण्यात संपूर्ण भरून राहिलेला जो श्रीनारायण, त्याला प्रथम वंदन करतो; आणि जलाचा अधिपती जो वरुण, ज्याच्या राज्यातले काही जीव मी माझ्या घरात ठेवून घेतले आहेत, त्याची क्षमा मागून हे लिहायला घेतो. निमित्त असे, की माझ्या पत्नीचे वर्षश्राद्ध परवा पार पडले. जेवणे उरकल्यावर आप्तमंडळी बाहेरच्या खोलीत आली आणि तिथल्या काचेच्या पेटीभोवती थांबली. एका वयस्कर नातलगांनी विचारले, की जन्मभर संध्यावंदन करणाऱ्याच्या घरात हे मासे कसे. दुसऱ्या एका गृहस्थांच्या मुलीला खाऱ्या पाण्याची तशीच लहान पेटी हवी होती. तिच्यात कोणता जीव कोणासोबत ठेवावा, हे त्यांना जाणून घ्यायचे होते. दोघांच्या प्रश्नांचे उत्तर एकच आहे, आणि ते उभ्या उभ्या सांगण्यासारखे नाही.

माझे आयुष्य शाळेत संस्कृत शिकवण्यात गेले. निवृत्तीनंतर आम्ही उभयता रहाटणीत मुलाजवळ राहायला आलो. मुलगा महाळुंग्याच्या एका कंपनीत गुणवत्ता विभागात आहे. यंत्रावरून उतरलेले सुटे भाग मापात बसतात की नाही हे पाहणे त्याचे काम. त्याचे लग्न अजून झालेले नाही. घरात आम्ही तिघेच, आणि त्याची दुसरी पाळी असली की दुपारपासून आम्ही दोघेच.

पत्नीचे माहेर कोकणातले, समुद्राला अगदी लागून. घर शाकाहारी, सोवळ्याओवळ्याचे. पण तिचे बालपण मात्र ओहोटीला उघड्या पडणाऱ्या खडकांवर गेले. त्या खडकांतल्या खळग्यांत भरतीचे पाणी मागे राहते आणि वीतभर पाण्यात एक पूर्ण वस्ती नांदत असते, असे ती सांगत असे. दुसऱ्याच्या शंखात संसार थाटलेला खेकडा, बोट लावताच मिटून जाणारी दगडावरची फुले, अंगातून आरपार दिसणारी कोळंबी. सांगताना ती हाताची ओंजळ करी, जणू ते पाणी अजून तिच्यापाशीच आहे. लग्न होऊन ती देशावर आली. पुढे तिच्या माहेरी जाण्याचे प्रसंग थोडे आले, आणि काही वर्षांनी तिथले घरही राहिले नाही.

मग तिच्या घशाखाली घास अडकू लागला. आधी भाकरी, नंतर भात, नंतर मऊ खिचडीसुद्धा. तपासण्या झाल्या आणि अन्ननलिकेचा कर्करोग निघाला, तोही पुढे गेलेला. डॉक्टरांनी मुलाला बाजूला घेऊन सांगितले, की आता औषधे द्यायची ती त्रास कमी व्हावा म्हणून. मुलाने ते मला सांगितले. तिला कोणी सांगितले नाही. तिला सांगावे लागले नाही.

तिने एकच इच्छा बोलून दाखवली. समुद्र नको, म्हणाली, तो फार मोठा आहे. तो एक खळगा पुन्हा पाहायचा आहे. डॉक्टरांनी घाट उतरण्याची परवानगी दिली नाही.

घरातच तो खळगा करायचा, हे मुलाच्या मनात आले. खाऱ्या पाण्याची लहान पेटी घरी ठेवता येते आणि तिच्यात प्रवाळ, मासे, कोळंबी असे सगळे एकत्र राहू शकते, हे त्याने कुठेतरी पाहिले होते. मी विरोध केला. जीवाला काचेत कोंडून ठेवण्यात माझ्या पत्नीला सुख लाभेल असे मला वाटेना, आणि लाभले तरी ते घेण्याचा आपल्याला अधिकार नाही असे मी त्याला सांगत होतो. ती पलंगावर पडून ऐकत होती. अखेर म्हणाली, “अहो, मी तरी आता कुठे मोकळी आहे? थोडे दिवस सोबत राहू.” त्यानंतर मी विरोध केला नाही, एवढीच अट घातली, की जे पेटीतच जन्मले असतील असेच जीव शक्यतो आणावेत.

रहाटणीहून काळेवाडीकडे जाताना एका गाळ्यात माशांचे दुकान आहे. दुकानदार इथल्याच जुन्या गावातला. त्याच्या वडिलांच्या शेतावर आता इमारती उभ्या आहेत, आणि त्यांतल्याच एकीच्या तळमजल्यावर त्याचा हा गाळा. मी काही विचारण्यापूर्वीच त्याने मला स्टुलावर बसवले.

“गुरुजी, पैलं सांगतो,” तो म्हणाला. “पेटी छोटी म्हंजी काम सोपं, आसं समजू नगा. मोठ्या पाण्यात चूक इरून जाती. छोट्या पाण्यात ती लगेच समद्यांच्या अंगावर येती.”

त्याने मग पुष्कळ समजावले. मीठ पाण्यात विरघळले म्हणजे समुद्र होत नाही. आधी दगड ठेवायचे, आणि त्या दगडांवर डोळ्यांना न दिसणारी वस्ती वाढू द्यायची. जीवांच्या मलमूत्राचे पाण्यात विष होते. ते विष पचवणारी ही वस्ती. ती तयार होईपर्यंत पेटीत कोणालाही सोडायचे नाही. याला कित्येक आठवडे जातात. मी त्याला विचारले, की हा काळ कमी करता येईल का. त्याने कारण विचारले. मी सांगितले.

तो बराच वेळ समोरच्या टाकीतली जाळी उगाच हलवत राहिला. मग म्हणाला, “तरीबी थांबावं लागंल गुरुजी. काकूंसाठी म्हणून घाई केली, तर काकूंच्याच डोळ्यांसमोर मरत्यात ती.”

आमच्यापुढचा सगळा प्रश्न त्या एका वाक्यात होता. पेटीला वेळ हवा होता आणि पत्नीपाशी तोच नव्हता. मी स्वतःला संयमी माणूस समजत आलो होतो. एकेक धातुरूप मुलांच्या तोंडी बसेपर्यंत मी वर्षानुवर्षे थांबलेलो आहे. पण त्या दिवसांत, रिकाम्या पाण्याकडे पाहत, संयम हा किती क्रूर गुण असू शकतो हे मला कळले.

पेटीखालचा लोखंडी सांगाडा मुलाच्या मित्राने भोसरीच्या एका वर्कशॉपमध्ये जोडून दिला. बाहेरच्या खोलीत पत्नीचा पलंग होता, त्याच्या उशाशी पेटी ठेवली. निजल्या निजल्या तिला आतले दिसावे आणि हात उंचावला तर पाण्यापर्यंत पोहोचावा अशी. मुलगा कामावरून आला की हातपाय धुऊन आधी पेटीपाशी बसे. काचेच्या नळीत पाणी घेई, औषधाचे थेंब टाकी, रंग बदलण्याची वाट पाही आणि मान हलवी. “अजून रिजेक्ट आहे, आई.”

“घ्या,” ती मला म्हणे, “कंपनीतला माणूस. आईच्या समुद्रालाही पास-नापास.”

दगडांवर तांबूस-करड्या रंगाची घाण धरू लागली तेव्हा मला वाटले की काहीतरी बिघडले. ती मात्र उठून बसली. खडकांवर असेच येते, म्हणाली, पाणी लागले, म्हणजे त्यात जीव धरला. त्या दिवसापासून तिने वाट पाहण्याचे काम माझ्याकडून काढून घेतले आणि स्वतः करू लागली. माझ्यापेक्षा ती ते चांगले करीत होती.

कोणाला आणायचे हे ठरवण्याचे काम माझे. मुलगा मोबाइलवर मजकूर काढून देई, मी चष्मा लावून वाची, आणि जे कळेल ते तिला सांगे. या विषयात शिरल्यावर माझ्या लक्षात आले, की रंग पाहून जीव निवडणे हा सर्वांत मोठा अविवेक. पहिली गोष्ट पाहायची ती ही, की आज बोटाएवढा दिसणारा मासा उद्या केवढा होणार. ओंजळीत आलेला इवलासा मासा कमंडलूत मावेनासा झाला, सरोवरात मावेनासा झाला, ही पुराणातली गोष्ट मी असंख्य वेळा सांगितली होती. तिच्यात भगवंताची लीला आहे हेही सांगितले होते. त्या माशाला कमंडलूत किती कोंडल्यासारखे झाले असेल, हे मात्र आता प्रथमच मनात आले. दुसरे, कोण कोणाला खातो. तिसरे, कोण जागेवर हक्क सांगतो. कारण भांडखोर जीव आधी सोडला तर तो सगळी पेटी आपली मानतो आणि मागून येणाऱ्याला जगू देत नाही. म्हणून शांत ते आधी, तापट ते शेवटी. आणि चौथे, जे सगळ्यात कमी लोक विचारतात: तो काय खातो, आणि ते आपल्या घरात आहे का.

पाणी एकदाचे पास झाले, तेव्हा स्वतः निवडायला येते असे तिने सांगितले. मुलाने रिक्षा अगदी इमारतीच्या दारात आणली. त्या सुमारास ती फक्त पातळ पदार्थ घोट घोट घेत होती. शाल पांघरून दुकानात बसली आणि तिथल्या टाक्यांचा उजेड तिच्या तोंडावर पडला. मला ती फार पूर्वीची दिसली.

एक निळा, चपटा, पिवळ्या शेपटीचा मासा तिने दाखवला. तो ताटाएवढा होतो, दुकानदाराने सांगितले, बाद. मग निळेशार, चिमुकले, चपळ असे मासे दिसले.

“ही दिसत्यात गरीब, काकू,” दुकानदार म्हणाला, “पण आधी टाकली की प्रत्येकाला इचारत्यात, तू हितं कसा काय आलास.”

“आमच्या सोसायटीचे चेअरमन,” ती म्हणाली. मुलगा हसला. दुकानदाराला चेअरमन ठाऊक असावेत, कारण तो जरा जास्तच हसला.

मग ती एका कोपऱ्यातल्या टाकीपाशी थांबली. तिच्यात एक मासा तळाशी हळूहळू फिरत होता. निळ्या अंगावर नारिंगी आणि हिरव्या वळणांची अशी वेलबुट्टी, की पैठणीच्या पदरावर काढली असती तरी कोणी खरी मानली नसती. तिने काचेवर बोट टेकवले. मासा पळाला नाही. “हा,” ती म्हणाली.

मी दुकानदाराला विचारले, की हा काय खातो.

त्याने माझ्याकडे पाहिले, मग तिच्याकडे. दगडांवर वाढणारे अगदी बारीक जिवंत किडे हा दिवसभर टिपत असतो, असे त्याने सांगितले. जुन्या, मोठ्या पेटीत ते पुरतात, नव्या पेटीत नसतातच. दुसरे काही टाकले तर, मी विचारले. तो खाली बघून म्हणाला, “टाकलेलं खात न्हाई. समदे जेवत असत्यात, आन ह्यो त्यांच्यात फिरत फिरत बारीक होत जातो.”

तिने बोट काचेवरून काढले आणि शालीत घेतले.

“मग नको,” ती म्हणाली. “एका घरात असे दोघे नकोत.”

मुलगा दुकानाबाहेर गेला आणि बराच वेळ रिक्षावाल्याशी बोलत उभा राहिला.

आम्ही ठरवले ते असे: केशरी अंगावर पांढरे पट्टे असलेल्या क्लाउनफिशची एक जोडी, पेटीतच जन्मलेली, तळाशी वाळू उपसत बसणारा एक लहान गोबी, ज्याचे नाव ऐकून ती म्हणाली की याची भाजी होते असे मला वाटत होते, काच साफ ठेवणाऱ्या काही गोगलगायी, दुसऱ्यांच्या पेट्यांतून तोडून वाढवलेले साध्या जातीच्या प्रवाळांचे दोन-तीन तुकडे, आणि एक कोळंबी, लाल पाठीवर पांढरी रेघ असलेली, माशांच्या अंगावरची घाण टिपणारी. ही कोळंबी पेटीत जन्मत नाही, समुद्रातूनच येते, असे दुकानदाराने प्रामाणिकपणे सांगितले. माझी अट आड येत होती. मी पत्नीकडे पाहिले. ती कोळंबीकडे पाहत होती. मी अट मागे घेतली.

सगळे एकदम आणायचे नव्हते. आधी गोगलगायी आणि प्रवाळ आले, मग गोबी, मग जोडी. पाणी स्थिरावलेले दिसल्यावर शेवटी कोळंबी. प्रत्येकाला आपल्या पिशवीतल्या पाण्यातून आमच्या पाण्यात येताना थेंब थेंब करून सवय लावायची असते. बारीक नळीतून पडणारे ते थेंब पाहत ती तासन्तास बसे. प्रवाळाचे तुकडे उघडले आणि त्यांची चिमुकली बोटे पाण्यात हलू लागली, तेव्हा तिने मला हाक मारून दाखवले: “बघा, मिटणारी फुलं.” कोळंबीने तर तिच्याशी मैत्रीच केली. पत्नीने पाण्यात हात धरला, की ती खडकाखालून येऊन तिची नखे साफ करू लागे. हसून हसून पत्नीला ठसका लागे.

एकदा सकाळी कोळंबी तळाशी निश्चल पडलेली दिसली. पत्नीचे डोळे भरून आले. मी दुकानदाराला फोन केला. तो म्हणाला, गुरुजी, दगडाखाली बघा. पाहिले तर कोळंबी तिथे ठणठणीत होती. बाहेर पडली होती ती तिने टाकलेली कात, मिशांसकट पूर्ण. त्या दिवशी घरात सणासारखे वाटले.

म्हणूनच पुढच्या वेळी आम्ही वाट पाहिली. कोळंबी पुन्हा तळाशी पडली होती आणि आम्ही दोघे दगडाखाली पाहत राहिलो. आता येईल, ती म्हणे. दुपारी मुलाने चिमट्याने ते उचलले, तेव्हा ते कातीसारखे हलके नव्हते.

त्यापाठोपाठ गोगलगायी काचेवरून गळून पडल्या. प्रवाळाची बोटे आत गेली ती बाहेर आलीच नाहीत. मासे मात्र धडधाकट. मुलाने पाण्याच्या सगळ्या चाचण्या केल्या, सगळ्या पास. शेवटी दुकानदार स्वतः घरी आला, वेगळे औषध घेऊन. नळीतल्या पाण्याचा रंग बदलला तसा तो म्हणाला, की पाण्यात तांबे आहे. माशांना इतके बाधत नाही. कोळंबी, गोगलगाय, प्रवाळ यांना मात्र अगदी थोडेसुद्धा पुरते. एखादे नाणे पडले का, तार उघडी आहे का, कसले औषध पडले का, असे त्याने विचारले. मुलाने त्या संध्याकाळी पेटीचा एकूण एक भाग सुटा करून पाहिला, एखाद्या परत आलेल्या मालाची तपासणी करावी तसा. काही सापडले नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी माझी पूजा झाली. आमच्या घरी पूजेची भांडी पिढ्यान् पिढ्या तांब्याची: ताम्हण, पंचपात्र, पळी. रात्री कलशात भरून ठेवलेल्या पाण्याने सकाळी अभिषेक होतो आणि तेच तीर्थ घरातले सगळे घेतात. पत्नी आजारी पडल्यापासून मी पंचपात्र घेऊन तिच्या पलंगाशी जात असे. ती उठून बसे, उजव्या हाताचा पेला करी, मी पळीभर तीर्थ घाली आणि देवघराकडे वळे. हा क्रम कधी चुकला नव्हता. त्या दिवशी, मनात तो एक शब्द घोळत असल्यामुळे, मी वळलो नाही. हातातल्या पळीकडे पाहत तसाच उभा राहिलो. आणि मग मला दिसले, की तिने तीर्थ ओठांना लावले, डोळ्यांना लावले, आणि हात उंचावून अलगद पेटीच्या पाण्यात सोडले.

कितीतरी दिवसांपासून तिला तीर्थाचा थेंबही गिळता येत नव्हता. मी दिलेले तीर्थ नाकारणे तिला शक्य नव्हते आणि सांडणे त्याहून अशक्य. म्हणून आपला वाटा ती त्या जिवांना देत होती. पळीभरच, पण रोज. आणि लहान पेटीतले पाणी उडून जाते, त्यात आलेले तांबे जात नाही.

तिला माझ्या पाहण्यातून कळले. आदल्या दिवशीचे सगळे बोलणे तिने ऐकले होतेच.

“माझ्या हातून गेली का हो ती?” तिने विचारले.

सत्य सोडू नये आणि बोलणे दुखवणारे असू नये, हे दोन्ही मी जन्मभर मुलांना शिकवले. त्या क्षणी या दोहोंच्या मध्ये मला फक्त एका लहानशा वाक्यापुरती जागा सापडली. मी म्हणालो, “तीर्थ माझे होते.”

तिने ओला हात मांडीवर ठेवला. मग म्हणाली, “मग दोघांच्या हातून.”

दुकानदाराने उपाय सांगितला तो कठीण होता. दगडांत आणि वाळूत तांबे मुरलेले असते. ते सगळे काढून टाकायचे, पेटी धुवायची, नवे दगड, नवे पाणी, आणि पुन्हा पहिल्यापासून थांबायचे. तोपर्यंत मासे तो आपल्या दुकानात सांभाळील. नाहीतर आहे तसे चालू द्यायचे. जोडी आणि गोबी राहतील, कोळंबी आणि प्रवाळ पुन्हा कधी जगणार नाहीत. मी आणि मुलगा एकमेकांकडे पाहत होतो. मासे निदान तिच्या डोळ्यांसमोर राहोत, असे आम्हा दोघांनाही वाटत होते. मी तिला तसे सांगितले.

“नाही,” ती म्हणाली. “पुन्हा लावा. मला दिसलं नाही तरी लावा. बिघडवून निघून गेले असं नको.”

मुलाने सुटी घेतली. दगड निघाले, वाळू निघाली, मासे पिशव्यांतून काळेवाडीच्या रस्त्याने गेले. जाताना त्या जोडीकडे तिने पाहिले नाही. तोंड भिंतीकडे केले. नवे पाणी भरले आणि तिच्या उशाशी पुन्हा एकदा रिकामा, दिव्याने उजळलेला समुद्र उभा राहिला.

दुसऱ्या सकाळी मी पूजा करून पंचपात्र घेऊन गेलो. जायचे की नाही याचा मी खूप विचार केला होता. तिने नेहमीप्रमाणे हात पुढे केला. मी तीर्थ घातले. तिने ते ओठांना लावले, डोळ्यांना लावले, आणि हात तसाच धरून माझ्याकडे पाहू लागली.

“आता हे कुठे सोडू?”

मी खाली बसलो आणि तिच्या हाताखाली माझा हात धरला. तिने तीर्थ माझ्या हातात सोडले, आणि मी ते घेतले. शास्त्रात याला आधार आहे की नाही, हे मी कोणाला विचारले नाही. त्यानंतर ती होती तोवर रोज तसेच झाले.

दगडांवर करडा थर धरू लागला, तो तिने पाहिला. “लागलं पाणी,” ती म्हणाली. तेव्हा तिचा आवाज इतका क्षीण झाला होता, की मला कान जवळ न्यावा लागला. पुढे दिवसाचा बराचसा काळ ती गुंगीतच असे. जाग आली की डोळे आधी पेटीकडे जात, आणि तिथे कोणी नाही हे पाहून पुन्हा मिटत. तिला बोलावेसे वाटत नसे की तिला बोलता येत नसे, हे मला शेवटपर्यंत कळले नाही. एका दुपारी, मुलगा कंपनीच्या बसमध्ये बसून निघाल्यावर थोड्याच वेळाने, तिचा श्वास थांबला. पेटीत पाणी होते, दगड होते, दिवा होता. दुसरे काही नव्हते.

तेरावा झाला, माणसे आपापल्या गावी परतली, आणि मुलाने कामावर जाण्याआधी नळीत पाणी घेतले. मी देवघरात होतो. त्याचे नेहमीचे ‘रिजेक्ट’ ऐकू आले नाही म्हणून मी बाहेर आलो. नळी उजेडाकडे धरून तो उभा होता.

“बाबा, पास आहे,” तो म्हणाला.

ती नळी हातात धरून तो तिथेच खाली बसला. इतक्या महिन्यांत मी त्याला रडताना पाहिले नव्हते.

मासे परत आले. सुतकामुळे मी बाहेर पडत नसेन असे वाटून दुकानदार ते स्वतः घेऊन आला. सुतक संपल्याचे त्याला सांगावेसे मला वाटले नाही. काही काळाने त्याने कोळंबीही आणली, तशीच, लाल पाठीची. तिला आमच्या पाण्याची सवय लावायला मी थेंबांची नळी धरून बसलो. थेंब पडत होते आणि पाहायला मी एकटा होतो. तिला पेटीत सोडले, ती दगडाखाली गेली, आणि थोड्या वेळाने मिशा बाहेर काढून पाण्याचा अंदाज घेऊ लागली. सगळे जिथल्या तिथे होते. पत्नीने निवडलेले, तिने सांगितलेल्या जागी, कोणी कोणाला न दुखवता. ज्या दृश्यासाठी हे सगळे आरंभले ते पूर्ण झाले होते, आणि मला त्याच्याकडे पाहवत नव्हते.

ती जोडी अजूनही पेटीच्या एकाच टोकाला येऊन थांबते. त्या टोकाला पलंग होता. तिथून पत्नी त्यांना खाऊ घालत असे. मी दुसऱ्या बाजूने खाणे टाकून पाहिले. मासे येतात, खातात, आणि पुन्हा त्या टोकाला जाऊन काचेबाहेर पाहत राहतात. त्यांना समजावण्याचे शब्द माझ्या विद्येत नाहीत. मी आता माझे अंथरूण तिथे घातले आहे.

ज्या गृहस्थांनी विचारले त्यांना इतकेच सांगतो: मुलीसाठी पेटी अवश्य आणा. थोडे जीव आणा. जो मोठा होईल, जो दुसऱ्याला खाईल, जो जागेसाठी भांडेल आणि जो तुमच्या घरात उपाशी राहील, त्याला आणू नका, मग तो कितीही सुंदर असो. तांब्याचे भांडे पेटीपासून दूर ठेवा. आणि पाणी तयार होईपर्यंत थांबा. त्याला दुसरा मार्ग नाही, मी शोधून पाहिला आहे.

हे वाचणाऱ्या सर्वांचे श्रीनारायण कल्याण करो. तुमच्या घरातली माणसे एकमेकांना मानवोत, कोणाच्या घशाखाली उतरणारा घास अडू नये, हाताने दिलेले कोणाला बाधू नये. आणि तुमच्या घरात जे येण्याची वाट पाहिली जात आहे, ते वाट पाहणारा तिथे असेपर्यंत येवो.